खारातली शेती आणि शेतकीचे साहेब

2025च्या मे महिन्यात राज्यातले कृषी सहाय्यक आंदोलनात उतरले. मागण्या बऱ्याच होत्या. त्यांतली एक पदाचे नाव बदलण्याची होती, दुसरी लॅपटॉपची. नाव बदलले. कृषी सहाय्यक आता 'सहाय्यक कृषी अधिकारी' झाला. अलिबाग-पेणच्या गावांत मात्र त्याला पूर्वीही 'शेतकीचे साहेब' म्हणत, आजही म्हणतात; शासन निर्णयाने गावची जीभ बदलत नाही. आम्हाला बोलकी वाटली ती लॅपटॉपची मागणी. ज्याने चिखलात उभे राहून रोपांचे अंतर दाखवायचे, त्याला आपले काम करायला संगणक लागतो, हे त्यानेच जाहीरपणे सांगितले. मागणी रास्तच होती. महाडीबीटी पोर्टलवरचे अर्ज, शेतकरी ओळख क्रमांक, अनुदानासाठी स्थळाचे छायाचित्र, पंचनाम्याच्या याद्या हे सारे त्याच्याकडून अपेक्षित असेल, तर साधने द्यायलाच हवीत. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. हे सगळे करून उरलेल्या वेळात तो खाचरात कधी जाणार?

'कृषी विस्तार' हा दप्तरातला शब्द. त्यामागची कल्पना अगदी साधी आहे. प्रयोगशेतावर जे कळले ते शेतकऱ्यापर्यंत न्यायचे, आणि शेतकऱ्याला जे अडले किंवा जे त्याने स्वतः शोधले ते प्रयोगशेतापर्यंत आणायचे. पहिला भाग सर्वांना पाठ आहे, दुसरा भाषणापुरता उरतो. रायगडच्या किनाऱ्यावर गेल्या शतकात जे काही टिकले, त्यात या दुसऱ्या भागाचा वाटा मोठा आहे, आणि तोच आज सर्वांत दुबळा झाला आहे.

संस्थांची उणीव नाही. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ 18 मे 1972 रोजी स्थापन झाले. पुढे त्याला डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव मिळाले. त्याचे भाताचे प्रादेशिक संशोधन केंद्र कर्जतला आहे, खारभूमीचे पनवेलला, सुपारीचे श्रीवर्धनला. रोह्याजवळ किल्ला येथे जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र आहे. देशातले पहिले कृषी विज्ञान केंद्र 1974 साली पुदुच्चेरीत सुरू झाले तेव्हा सूत्र होते 'करून शिका', आणि किल्ल्याच्या केंद्राचेही सूत्र तेच. याखेरीज कृषी विभाग, त्याची तालुका कार्यालये आणि 'आत्मा' ही जिल्हा पातळीवरची यंत्रणा. 'आत्मा'चा प्रयोग देशातल्या ज्या मोजक्या जिल्ह्यांत आधी झाला, त्यांत शेजारचा रत्नागिरी होता. म्हणजे कागदावर पाहिले तर रायगडच्या शेतकऱ्याला विचारायला ठिकाणे भरपूर आहेत. पण जिल्ह्यात तालुके पंधरा आणि कृषी विज्ञान केंद्र एक. श्रीवर्धनच्या माणसाने रोह्याला जायचे म्हणजे दिवसाचा रोजगार बुडवायचा.

खारपट्ट्याचे उदाहरण मुद्दाम विस्ताराने घेतो, कारण बाकीच्या महाराष्ट्राला ही शेती नीट ठाऊक नाही. उरणपासून पेण, अलिबाग, रोहा, मुरूड, म्हसळ्यापर्यंत खाड्यांच्या काठाने जी भातशेती दिसते, तिचा मोठा भाग समुद्राकडून मागून घेतलेला आहे. भरतीचे पाणी बाहेर ठेवायला मातीचा बांध, आणि आत साठलेले पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडायला उघाड्या. जुन्या कुलाबा (म्हणजे आजच्या रायगड) जिल्ह्याच्या कागदपत्रांत अशा जमिनींना शिलोत्री म्हटले आहे. बांध गावाने राखायचा, गावाने दुरुस्त करायचा, ही रीत होती. पुढे 1948चा खार जमिनींचा कायदा आणि 1979चा खारभूमी विकास कायदा आला, आणि बांधांची जबाबदारी हळूहळू सरकारकडे गेली.

या जमिनीचे वेळापत्रक मीठ ठरवते. उन्हाळ्यात जमीन तापते, खालचे खारे पाणी केशाकर्षणाने वर चढते आणि पृष्ठभागावर मिठाचा पांढुरका थर येतो. जूनच्या पावसाने तो विरघळून वाहून जायला हवा, तेव्हाच भात तग धरते. पाऊस लांबला किंवा मध्येच उघडला की रोप पिवळे पडते. म्हणून खारात अनेक ठिकाणी लावणीऐवजी मोड आणलेले बी फेकण्याची रहू पद्धत चालते. बीही साधे चालत नाही. इथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मीठ सोसणारी लालसर तांदळाची भाते राखली. त्यांतूनच निवड करून 'काळा रता 1-24' आणि 'भुरा रता 4-10' हे वाण पुढे आले. यातल्या काळ्या रत्याचे नाव फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या साहित्यातही सापडते. पनवेलच्या केंद्राने पुढे पनवेल-1, पनवेल-2, पनवेल-3 हे सुधारित वाण दिले. शेतकऱ्याच्या कणगीतले बी केंद्रात गेले, तिथे ते पारखले गेले, सुधारले गेले आणि परत बांधावर आले. विस्ताराचे यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही. त्यात शेतकरी लाभार्थी नव्हता, भागीदार होता.

आता दुसरी बाजू. उधाणाने बांधाला खांड पडली, आणि ती त्याच हंगामात बुजवली नाही, तर खारे पाणी आत येते आणि शेत नापीक होते. दोन-तीन वर्षे गेली की त्यात तिवरे उगवतात. उच्च न्यायालयाच्या 2005च्या आदेशापासून तिवरांना हात लावता येत नाही. समुद्राच्या काठी राहणाऱ्यांसाठी ते संरक्षण गरजेचेही आहे. पण सातबाऱ्यावर भातशेती आणि प्रत्यक्षात कांदळवन, अशी स्थिती झालेल्या शेतकऱ्याने जायचे कुठे? बांध खारभूमी विभागाचा, तिवर वन विभागाचे, नोंद महसूल विभागाची आणि भाताचे बियाणे कृषी विभागाचे. शेतकीचे साहेब यातल्या चौथ्या खात्याचे. त्यांना मीठ सोसणारे बी देता येते, मीठ घेऊन येणारे पाणी अडवता येत नाही. खांड पडल्याची पहिली बातमी मात्र त्यांनाच मिळते, कारण गावात फिरणारा माणूस तेच. ती बातमी खारभूमीच्या अभियंत्यापर्यंत आठवड्याच्या आत पोचावी आणि तिची पोच शेतकऱ्याला मिळावी, एवढी सोय झाली तरी अनेक एकर वाचतील. याला नवी योजना लागत नाही.

अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची गोष्ट उलट दिशेची आहे, आणि ती आनंदाने सांगावी अशी आहे. कार्ले, खंडाळे, नेहुली, वाडगाव या परिसरात भात कापून झाल्यावर, डिसेंबर-जानेवारीत हा कांदा लावतात. चवीला गोडसर, तिखटपणा बेताचा, आणि विकायचा तो पाती विणून केलेल्या माळांनी. बी शेतकरी स्वतः धरतात. चांगले कांदे निवडून पुढच्या हंगामात लावायचे आणि त्यांच्या गोंड्यांतून बी काढायचे. कृषी विद्यापीठ आणि कृषी विभाग यांनी शेतकऱ्यांबरोबर बसून 2019पासून भौगोलिक मानांकनाची तयारी केली. 1883च्या कुलाबा गॅझेटियरमधला उल्लेख पुराव्याला उपयोगी पडला. 2021 साली मानांकन मिळाले.

इथे विस्तार यंत्रणेने शेतकऱ्याला कांदा कसा लावायचा हे शिकवले नाही. ते त्याला येत होते. जे त्याला येत नव्हते ते तिने केले: नोंदी, नकाशे, चाचण्या, अर्ज. पण मानांकन मिळाले म्हणजे काम झाले असे मानण्याची चूक होऊ नये. कांद्याचे परागीभवन मधमाश्यांवर चालते. शेजारी दुसऱ्या जातीचा कांदा फुलोऱ्यात असेल, तर बियाण्यात भेसळ होते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. दोन-तीन पिढ्यांनी चवीत कळते. शुद्ध बियाण्यासाठी दोन जातींच्या प्लॉटमध्ये किलोमीटरभर तरी अंतर हवे. शिवाय कांद्याचे बी वर्षभरात उगवणशक्ती गमावते, तेव्हा ते साठवून ठेवण्याचीही सोय नाही. गुंठ्यांच्या तुकड्यांत विभागलेल्या शिवारात हे अंतर एकटा शेतकरी राखू शकत नाही. गावाला मिळून ठरवावे लागते की या वर्षी बी कोणाच्या वावरात धरायचे. अशी बैठक बोलावणे, ती पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणे, हे शेतकीच्या साहेबांचे काम. ते कुठल्याही पोर्टलवर भरता येत नाही, म्हणून त्याची मोजदादही होत नाही. दरम्यान रस्त्याकडेला दुसरीकडचा पांढरा कांदा 'अलिबागचा' म्हणून माळांनी विकला जातो, हे गिऱ्हाइकालाही ठाऊक असते आणि विकणाऱ्यालाही.

भाताकडे वळू. इथे गेल्या चार दशकांत दोन मोठ्या खटपटी झाल्या. पहिली 'चारसूत्री'ची. डॉ. एन. के. सावंत यांनी मांडलेल्या या पद्धतीत रोपवाटिकेत तुसाची राख, चिखलणीच्या वेळी गिरिपुष्पाचा पाला, दोरीवर आलटून-पालटून 15 आणि 25 सेंटिमीटर अंतराने नियंत्रित लावणी, आणि प्रत्येक चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची 2.7 ग्रॅमची एक ब्रिकेट खोल पुरणे, अशी चार सूत्रे आहेत. हिशेब केला तर हेक्टरी 62,500 ब्रिकेट, म्हणजे सुमारे 170 किलो खत. रायगडात पाऊस तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पडतो, तिथे वरून फेकलेला युरिया खाचरातून ओढ्यात आणि ओढ्यातून खाडीत जातो. खोल पुरलेली ब्रिकेट मुळांशी राहते. युक्ती शास्त्राला धरून आहे, खर्च वाचवणारी आहे. आणि याच किनाऱ्यावर थळला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा युरियाचा अवाढव्य कारखाना आहे.

मग सगळ्यांनी ही पद्धत का धरली नाही? ज्याने वाकून चिखलात हजारो गोळ्या हाताने खोचल्या आहेत त्याला विचारावे. लावणीला मुंबईहून सुटी काढून आलेला मुलगा चार दिवसांत परत जाणार असतो. दोरी धरायला दोन माणसे, खोचायला आणखी दोन. आणि ब्रिकेट लावणीच्या त्याच आठवड्यात गावात असायला हवी. नंतर आली तर ती गोठ्यात पडून राहते. तंत्र बरोबर असूनही ते माणसाच्या आणि पुरवठ्याच्या वेळेशी जुळले नाही, तर शेतकऱ्याला 'उदासीन' म्हणणे सोपे असते. राब भाजण्याच्या बाबतीतही असेच झाले. पाला-शेणाने वाफा जाळू नका, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. राबाने तणाचे बी मरते आणि रोप जोमाने येते, हा शेतकऱ्याचा अनुभव ज्याने ऐकून घेतला त्यालाच गादीवाफ्याची बाजू पटवता आली.

दुसरी खटपट सरकारबाहेरची. नेरळच्या सगुणा बागेतले चंद्रशेखर भडसावळे यांनी 'सगुणा राईस टेक्निक' विकसित केले. नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. कायमचे गादीवाफे करायचे, साच्याने खुणा पाडून बी टोकायचे, कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजू द्यायची आणि त्याच वाफ्यावर पुढे वाल, कांदा किंवा भाजी घ्यायची. यात मजुरी मोठी वाचते, म्हणूनच ते पसरले. शेतकऱ्याने शेतकऱ्याला दाखवल्याने पसरले. तणनाशकावरचे त्याचे अवलंबित्व ही खटकणारी बाजू आहे, आणि पाणी तुंबणाऱ्या खारात ते जसेच्या तसे चालेल असे गृहीत धरता येत नाही. अशा ठिकाणी विद्यापीठाने शेतकऱ्याच्या वावरात, त्याच्या अटींवर, दोन-तीन हंगाम चाचणी घ्यावी आणि फसले तर फसले म्हणून सांगावे. आपल्याकडे प्रात्यक्षिक फसल्याचे कुणी छापत नाही. त्यामुळे यशस्वी झालेल्यावरही गाव विश्वास ठेवत नाही.

सरकारी माणूस नसेल तिथे शेतकरी कोणाला विचारतो? 2003 साली देशभर झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शंभरातल्या फक्त चाळीस शेतकरी कुटुंबांनी शेतीविषयक माहिती कुठूनतरी घेतल्याचे सांगितले. त्यांत सर्वांत वर होता दुसरा प्रगत शेतकरी (16.7 टक्के), मग खते-औषधांचा दुकानदार (13.1 टक्के) आणि रेडिओ (13 टक्के). सरकारी विस्तार कर्मचारी पुष्कळ खाली होता. पाहणी जुनी आहे. आज रेडिओची जागा मोबाइलने घेतली. पण दुकानदार जागेवर आहे. त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही, तो निदान सकाळी आठ ते रात्री आठ भेटतो. फक्त तो जो सल्ला देतो तो बाटलीसकट देतो.

सरकारी माणूस गावात असतो तेव्हा काय होते, तेही पाहू. 3 जून 2020. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन-दिवेआगर-मुरूडकडच्या नारळ-सुपारीच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. त्यानंतरच्या आठवड्यांत शेतकीचे साहेब, तलाठी आणि ग्रामसेवक यांनी घरोघर जाऊन पंचनामे केले. त्या काळात कोरोनाही होता, हे विसरू नये. फळबागांसाठी हेक्टरी 50 हजारांची मदत जाहीर झाली. ती आकड्याने मोठी दिसली, पण वाडी हेक्टरात मोजतात कोण? इथली वाडी पाच-दहा गुंठ्यांची. तिच्यात सुपारी, नारळ, मधे जायफळ, झाडावर चढवलेली मिरी. हेक्टरी हिशेबाने हातात आली ती किरकोळ रक्कम. अखेर नारळ-सुपारीला झाडागणिक मदत द्यावी लागली. ही दुरुस्ती वरच्या कार्यालयातल्या कोणाला सुचली नसती. वाडी कशी असते हे पाहिलेल्यांनी ती गोष्ट वर पोचवली. रोठा सुपारीचे झाड धरायला सहा-सात वर्षे लागतात. म्हणजे वादळानंतर लावलेल्या झाडांकडे अजूनही कोणीतरी दरवर्षी जाऊन पाहायला हवे. मदतीचा कागद मात्र केव्हाच बंद झाला.

आता तरुणांविषयी. सभांमधून 'तरुणांनी शेतीकडे वळावे' असे सांगितले जाते तेव्हा समोरच्या पोरांच्या चेहऱ्यावर काय उमटते ते एकदा पाहावे. ज्या अलिबाग तालुक्यात 1933 ते 1939 अशी सहा वर्षे नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली चरी-कोपरच्या कुळांनी संप केला, खोतांच्या जमिनी पडीक ठेवल्या पण नमले नाहीत, त्या तालुक्यात आज गुंठ्याचा भाव भाताच्या हिशेबात बसत नाही. पेणच्या खारपट्ट्यातल्या 22 गावांनी सप्टेंबर 2008च्या जनमत चाचणीत महामुंबई सेझला, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राला, आपले म्हणणे ऐकवले. जमीन हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात येते हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. त्यानंतर मांडव्याला रो-रो बोट आली, 2024च्या जानेवारीत अटल सेतू झाला. मुंबईकर तासाभरात वाडीच्या दारात. अशा वेळी एका एकरात भात पिकवून काय मिळते हे तरुणाला आपल्यापेक्षा चांगले कळते. त्याला जमिनीच्या मायेवर व्याख्यान नको आहे.

त्याला उपयोगी पडेल ते कसब. नारळावर चढणारा माणूस आज मिळत नाही. यंत्राच्या साहाय्याने चढायचे प्रशिक्षण घेतलेल्या मुलाला वाड्यांच्या गावांत कामाची वाट पाहावी लागत नाही. आंब्याचे कलम बांधणारा हात, रोपवाटिका, गादीवाफे करून देणारे यंत्र भाड्याने चालवणे, शहापूर-धेरंडसारख्या गावांत घराशेजारच्या तळ्यात वाढणारा जिताडा मासा, हे सगळे शेतीच आहे, फक्त सातबारा त्याला पुरेसा नाही. 2018 साली हापूसचे भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा त्यात रायगडही होता. कलमाच्या खात्रीला त्यामुळे किंमत आली. किल्ल्याच्या केंद्राने आणि 'आत्मा'ने अशी प्रशिक्षणे घ्यावीत, हे सांगायला नको, ती होतात. उणीव नंतरची आहे. तीन दिवसांचे प्रशिक्षण झाले, प्रमाणपत्र मिळाले, फोटो निघाला. सहा महिन्यांनी जिताड्याचे बीज कुठून आणायचे, पहिल्याच पावसात तळे फुटले तर काय करायचे, हे विचारायला कोण?

आणखी एक अडचण आहे, जिच्याकडे फार कमी लक्ष जाते. कोकणातला सातबारा सामायिक असतो. आजोबांच्या नावावर, त्यांच्या भावांच्या नावावर, मुंबईत स्थायिक झालेल्या चुलत्यांच्या नावावर. जो मुलगा प्रत्यक्षात वाडी करतो त्याचे नाव उताऱ्यावर नसते. शेतकरी ओळख क्रमांक उताऱ्यावरून निघतो, अनुदान त्या क्रमांकावर मिळते. म्हणजे सरकारच्या लेखी शेतकरी दादरला आहे आणि वाडीत राबणारा पंचवीस वर्षांचा पोर कोणीच नाही. घरातल्या बाईचे तर विचारूच नका. लावणी तिची, कांद्याच्या माळा तिच्या, बैठकीचे बोलावणे नवऱ्याला. कसणाऱ्याची नोंद कृषी विभागाने स्वतंत्रपणे ठेवावी. तिचा मालकीशी संबंध नसावा, प्रशिक्षण, बियाणे आणि अवजारे मिळवण्यापुरती ती पुरावी. बचत गटांना ज्या विश्वासावर कर्ज मिळते, त्याच विश्वासावर एवढे करायला हरकत नसावी.

2025च्या मे-जूनमध्ये 'विकसित कृषी संकल्प अभियाना'त शास्त्रज्ञ गावोगाव गेले; विद्यापीठाचेही गेले. पंधरा दिवसांचा उपक्रम होता. शास्त्रज्ञांना शेतकऱ्यांनी काय विचारले त्याची गावनिहाय नोंद तालुका कार्यालयाच्या फलकावर लागावी, आणि प्रत्येक प्रश्नापुढे उत्तर कोणी व केव्हा दिले ते लिहावे.

आणि एक मागणी शेतकीच्या साहेबांसाठी. 15 जून ते 31 जुलै या काळात, नैसर्गिक आपत्तीचा अपवाद वगळता, त्यांच्याकडून कोणतीही ऑनलाइन माहिती मागवू नये. कांद्याची बैठक नोव्हेंबरात आणि खांडीची पाहणी उधाणानंतर होऊ शकते, भात मात्र थांबत नाही. मृग नक्षत्र 7-8 जूनला लागते, आणि पनवेल-3ची पिशवी त्याआधी खारातल्या घरी पोचली पाहिजे. त्यानंतरच्या दीड महिन्यात बी फेकलेल्या शिवारात रोप पिवळे का पडते आहे हे पाहायला माणूस हवा, आणि तोच माणूस पुढच्या वर्षी पुन्हा त्याच शिवारात हवा.